महाजालावरील मागोवा आणि खासगीपणाचे रक्षण

महाजालावरील मागोवा म्हणजे संकेतस्थळांना भेट देणाऱ्या व्यक्तीच्या निरनिराळ्या वेळच्या व निरनिराळ्या ठिकाणच्या भेटी एकत्र जोडून तिच्या वाचनाची, शोधांची, खरेदीची आणि आवडीनिवडींची नोंद ठेवण्याची पद्धत होय. व्यवहारात ती ‘ऑनलाइन ट्रॅकिंग’ या नावाने ओळखली जाते. वाचकाने स्वतः उघडलेले संकेतस्थळ ही नोंद ठेवतेच. परंतु तिचा मोठा भाग त्या पानावर ज्यांची जाहिरात, चित्र किंवा मोजमापाची आज्ञावली बसवलेली असते अशा तिऱ्हाईत कंपन्यांकडे जमा होतो. या कंपन्यांची नावे वाचकाला सहसा ठाऊक नसतात.

एखाद्या व्यक्तीने एक लेख वाचला, एवढ्यावरून तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. तोच वाचक सकाळी एका आजाराची लक्षणे शोधत होता, दुपारी त्याने कर्जाचे व्याजदर पाहिले आणि रात्री दुसऱ्या गावातील नोकरीच्या जाहिराती चाळल्या, या तीन गोष्टी एका नावाखाली किंवा एका क्रमांकाखाली आल्या की त्या माणसाची परिस्थिती उघडी पडते. म्हणून मागोव्याचे मर्म ‘जोडणे’ या क्रियेत आहे, आणि त्यापासून रक्षण करण्याचे जे जे उपाय आहेत ते कोणता ना कोणता सांधा तोडण्याचे उपाय आहेत. प्रत्येक उपाय काही सांधे तोडतो व काही तसेच राहू देतो. त्यामुळे कोणता उपाय नेमके काय करतो हे समजून घेतल्याशिवाय तो वापरण्यात फारसा अर्थ नसतो.

पार्श्वभूमी

महाजालाची मूळ रचना विसरभोळी होती. वाचकाचा ब्राउझर सर्व्हरकडे पानाची मागणी करी, सर्व्हर ते पान पाठवी आणि तेथे व्यवहार संपे. त्याच वाचकाने क्षणभराने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखीच असे. या रचनेत ऑनलाइन दुकान चालवणे अवघड होते, कारण ग्राहकाने टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर जाताच विसरली जाई. इ.स. १९९४ मध्ये नेटस्केप या कंपनीतील अभियंता लू माँटुली यांनी त्यावर तोडगा काढला. सर्व्हरने एक लहानशी मजकूर-चिठ्ठी ब्राउझरकडे ठेवायला द्यावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझरने ती परत दाखवावी, अशी ही योजना होती. संगणकशास्त्रात आधीपासून रूढ असलेल्या ‘मॅजिक कुकी’ या संज्ञेवरून या चिठ्ठीला कुकी हे नाव पडले.

माँटुली यांनी प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देण्याचा सोपा मार्ग जाणूनबुजून टाळला होता, कारण तसा क्रमांक सर्व संकेतस्थळांना वाचता आला असता आणि माणसाचा सर्वत्र पाठलाग करता आला असता. कुकी ज्या स्थळाने दिली त्यालाच ती परत वाचता येईल, हा नियम त्यांनी घातला. नियम चांगला होता. पण त्यात एक फट राहिली. एका पानावरचा सगळा मजकूर एकाच सर्व्हरवरून येतो असे नाही. बातमी एका ठिकाणाहून, चित्र दुसऱ्या ठिकाणाहून आणि जाहिरात तिसऱ्याच ठिकाणाहून येऊ शकते. जाहिरात पाठवणाऱ्या सर्व्हरलाही आपली कुकी ठेवण्याचा अधिकार आपोआप मिळाला. हीच ‘तृतीयपक्षी कुकी’ होय.

ही फट लगेच लक्षात आली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुकीविषयक पहिल्या तांत्रिक मानकात अशा तिऱ्हाईत कुकींना परवानगी देऊ नये, निदान मुळात त्या बंद ठेवाव्यात, असे सुचवले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही आपल्या ब्राउझरमध्ये ती सूचना अमलात आणली नाही. तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांचा व्यवसाय याच कुकींवर उभा राहू लागला होता. डबलक्लिकने इ.स. १९९९ मध्ये ग्राहकांची नावे-पत्ते बाळगणारी अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली आणि निनावी कुकींना खरी नावे जोडण्याचा बेत केला. अमेरिकेत मोठा गदारोळ झाल्यावर इ.स. २००० मध्ये तिला तो गुंडाळावा लागला. पुढे इ.स. २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या मालकीची झाली. जून २०१६ मध्ये गूगलने आपले धोरण बदलून डबलक्लिकच्या नोंदी खातेदाराच्या वैयक्तिक माहितीशी जोडण्याची वाट मोकळी केली. जुन्या खातेदारांना त्यासाठी विचारणा झाली, नव्या खात्यांत मात्र ही जोडणी मुळातच चालू ठेवण्यात आली. सोळा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीवर गदारोळ झाला होता ती या वेळी बरीच शांतपणे घडली.

मागोवा कसा घेतला जातो

नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या जुन्या वह्या असतात. घराण्यातील कोण, कोणत्या वर्षी, कोणाबरोबर आले याची नोंद त्यांत सापडते. फरक एवढाच की तेथे यात्रेकरूला वही दिसते, पुष्कळदा तो स्वतःच्या हाताने तीत लिहितो आणि ती वही त्या क्षेत्रापुरती असते. तृतीयपक्षी कुकीची वही अदृश्य असते, आणि एकच वही हजारो ठिकाणी एकाच वेळी उघडलेली असते. आरोग्यविषयक स्थळ, वृत्तपत्र आणि तिकीटविक्रीचे स्थळ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला तरी तिन्ही पानांवर एकाच कंपनीची जाहिरात असेल, तर त्या कंपनीला तिन्ही ठिकाणी तीच कुकी परत मिळते. समाजमाध्यमांची ‘आवडले’ ही खूण पानावर असली की ती दाबली नाही तरी हाच प्रकार घडतो, कारण खूण दिसण्यासाठीच ती त्या कंपनीच्या सर्व्हरवरून मागवावी लागते. काही वेळा तर मागवायला दिसण्याजोगे काहीच नसते: एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र पानात किंवा ईमेलमध्ये दडवलेले असते आणि ते उघडले गेले, एवढी वर्दी त्याच्या मालकाला पोहोचते.

कुकी पुसता येते. म्हणून कुकीवाचून ओळख पटवण्याच्या युक्त्या निघाल्या, त्यांतील सर्वांत चिवट म्हणजे ब्राउझरचा ठसा. पान नीट दिसावे यासाठी ब्राउझर आपली आवृत्ती, पडद्याचा आकार, प्रमाणवेळ, पसंतीची भाषा, संगणकावरील फॉन्ट, चित्र रेखाटण्याची बारीक वैशिष्ट्ये असा पुष्कळ तपशील सांगू शकतो. एकेका तपशिलाला महत्त्व नसते. पण सगळे एकत्र केले की जुळणारा दुसरा संगणक क्वचितच सापडतो. पीटर एकर्स्ली यांनी इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेसाठी इ.स. २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात सुमारे ४,७०,००० ब्राउझर तपासले गेले व त्यांतील ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव निघाला. ज्यांत फ्लॅश किंवा जावा चालू होते त्यांच्यात हे प्रमाण ९४.२ टक्के होते. या प्रयोगात स्वखुशीने आलेले लोक तंत्रज्ञानाची आवड असलेले होते आणि फ्लॅश आता वापरातून गेले आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आजच्या सर्वसामान्य वाचकाला लावू नयेत. पण तत्त्व बदललेले नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीत या ठशाला एक वेगळा पैलू आहे. ब्राउझरची पसंतीची भाषा मराठी ठेवली की प्रत्येक मागणीबरोबर तसे कळवले जाते. टंकलेखनासाठी श्रीलिपीसारख्या प्रणालीचे फॉन्ट बसवलेले असतील तर तेही ओळखता येऊ शकतात. इंग्रजीच्या अफाट गर्दीत अशी खूण उठून दिसते. यास्तव मराठी सोडावी असे मुळीच नाही. ठसा लपवण्याचे काम ब्राउझर तयार करणाऱ्यांचे आहे. ते वाचकाने आपली भाषा लपवून करायचे नसते.

तिसरा सांधा आयपी पत्त्याचा. प्रत्येक जोडणीला असा पत्ता लागतोच, आणि घरातील सर्व उपकरणे बहुधा एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात. ज्या घरात एक फोन किंवा एक खाते अनेकजण वापरतात तेथे याचे परिणाम चमत्कारिक होतात: मुलीने एखाद्या दुखण्याविषयी वाचलेले असते आणि औषधाची जाहिरात वडिलांपुढे येते. खासगीपणाचा भंग दूरच्या कंपनीपुढे होतो त्यापेक्षा घरातल्या माणसापुढे होणे अनेकांना अधिक त्रासदायक वाटते, ही गोष्ट या विषयावरील चर्चेत फारशी येत नाही.

चौथा सांधा सर्वांत पक्का आहे आणि तो वाचक स्वतः बांधून देतो. ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्यात प्रवेश करून तसेच पुढे वाचन चालू ठेवले की कुकीची वा ठशाची गरजच उरत नाही. किरकोळ सवलतीसाठी दुकानांना, संकेतस्थळांना दिलेला भ्रमणध्वनी क्रमांकही असाच उपयोगी पडतो, कारण तो वर्षानुवर्षे बदलत नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांकडील याद्या जुळवायच्या झाल्या तर याहून सोयीची किल्ली दुसरी नाही.

नोंदी निनावी आहेत, असे आश्वासन कंपन्या देतात. ते किती तकलादू असते याचे प्रसिद्ध उदाहरण ऑगस्ट २००६ मधील आहे. एओएल या कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे ६,५०,००० ग्राहकांचे दोन कोटी शोध नावे काढून, त्याजागी क्रमांक घालून प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी एका क्रमांकाखालील शोध वाचले, त्यांतील गावाचा व आडनावाचा उल्लेख जुळवला आणि काही दिवसांत ते एका वृद्ध महिलेच्या दारी पोहोचले. त्या क्रमांकाखालचे शोध आपलेच असल्याचे तिने मान्य केले. कंपनीने यादी काढून घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. त्या यादीत नाव कोठेच नव्हते. शोधांची सलग रांग मात्र होती, आणि तेवढी पुरली.

नोंदींचा उपयोग

या नोंदींचे मुख्य गिऱ्हाईक जाहिरात व्यवसाय आहे. पान उघडता उघडता, सेकंदाच्या काही अंशांत, त्यावरील मोकळ्या जागेचा लिलाव होतो. वाचकाविषयी उपलब्ध असलेली माहिती, म्हणजे त्याचे साधारण ठिकाण, उपकरण, वाचत असलेले पान, मागील आवडी, अनेक बोलीदारांकडे एकदम पाठवली जाते. जाहिरात एकाचीच लागते. माहिती मात्र हरलेल्या बोलीदारांकडेही गेलेली असते. तेथून पुढे तिचे काय होते यावर वाचकाचे तर सोडाच, ते पान चालवणाऱ्या संपादकाचेही नियंत्रण राहत नाही.

जाहिरातींवाचून बहुतेक वृत्तपत्रे व स्थळे फुकट चालू शकणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जाहिरात आणि मागोवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीच्या पानावर ट्रॅक्टरची जाहिरात लावायला वाचक कोण आहे हे जाणण्याची गरज नसते. छापील नियतकालिके हेच करत आली आहेत.

रक्षणाचे उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय ब्राउझरच्या निवडीत आहे, कारण तो एकदा केला की रोज आठवण ठेवावी लागत नाही. मराठीत ब्राउझरसाठी न्याहाळक हा प्रतिशब्द वापरला जातो. न्याहाळले कोण जाते हे मात्र ब्राउझर कोणता त्यावर ठरते. अ‍ॅपलच्या सफारीने इ.स. २०१७ पासून तिऱ्हाईत कुकींवर मर्यादा आणल्या आणि मार्च २०२० मध्ये त्या पूर्णपणे बंद केल्या. मोझिलाच्या फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये ज्ञात मागोवेकरांच्या कुकी सर्वांसाठी अडवण्यास सुरुवात केली व जून २०२२ मध्ये प्रत्येक स्थळाच्या कुकींना स्वतंत्र डबा देण्याची पद्धत संगणकावरील आवृत्तीत सर्वांसाठी लागू केली. या पद्धतीत तिऱ्हाईत कंपनीला कुकी ठेवता येते, पण एका स्थळावरील कुकी तिला दुसऱ्या स्थळावर दिसत नाही; म्हणजे नेमका जोडणारा सांधा तुटतो आणि पान बिघडत नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून तिऱ्हाईत कुकी दोन वर्षांत हद्दपार करण्याची घोषणा केली, ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का वापरकर्त्यांसाठी त्या बंद केल्या, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तीच व्यवस्था चालू राहील असे जाहीर केले. ब्राउझरही जाहिरात कंपनीचाच असला की काय होते याचे हे बोलके उदाहरण आहे. क्रोम वापरणाऱ्यांना या कुकी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बंद करता येतात.

दुसरा उपाय मागोव्याची मागणीच अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा. यूब्लॉक ओरिजिन आणि प्रायव्हसी बॅजर ही यांतील सुप्रसिद्ध व विनामूल्य साधने आहेत. ज्ञात मागोवेकरांच्या सर्व्हरकडे ब्राउझरला ती जाऊच देत नाहीत. त्यामुळे कुकी, पारदर्शक चित्र आणि ठसा घेणारी आज्ञावली या तिन्हींना एकदम पायबंद बसतो, शिवाय पाने लवकर उघडतात. क्रोमने एक्स्टेन्शनसाठी आणलेल्या नव्या नियमांमुळे यूब्लॉक ओरिजिनची मूळ आवृत्ती तेथे चालेनाशी झाली असून कमी क्षमतेची ‘लाइट’ आवृत्ती उपलब्ध आहे. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती चालते. येथे एक इशारा आवश्यक आहे. एक्स्टेन्शनला बहुधा वाचकाचे प्रत्येक पान वाचण्याची मुभा असते. त्यामुळे अनोळखी एक्स्टेन्शन बसवणे म्हणजे चोरांपासून रक्षणासाठी अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यासारखे आहे. एक किंवा दोन, तीही माहितीची, पुरेशी होतात.

कडक सेटिंगमुळे कधीकधी बँकेचे किंवा एखाद्या सरकारी अर्जाचे पान नीट चालत नाही. अशा वेळी वैतागून सगळे संरक्षण काढून टाकण्याची चूक केली जाते. तेवढ्या स्थळापुरते संरक्षण बंद करण्याची सोय प्रत्येक चांगल्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीजवळच असते.

खात्यातील प्रवेशाचा सांधा तोडण्यासाठी कोणतेही तंत्र शिकावे लागत नाही. देवघरातील आणि स्वयंपाकघरातील भांडी जशी वेगळी ठेवतात तसे दोन ब्राउझर ठेवावेत: एकात ईमेल, बँक व समाजमाध्यमे, दुसऱ्यात कोणत्याही खात्यात प्रवेश न करता केवळ वाचन आणि शोध. विद्यार्थ्यांना, विशेषतः सायबर कॅफेत किंवा शाळेच्या संगणकावर काम करणाऱ्यांना, काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडण्याची सवय फार उपयोगी आहे. गूगलच्या खात्यात शोधांची व पाहिलेल्या चित्रफितींची नोंद आपोआप पुसण्यासाठी ३, १८ किंवा ३६ महिन्यांची मुदत ठरवता येते, आणि ही नोंद पूर्ण थांबवताही येते. डकडकगो यासारखी शोधयंत्रे शोधांचा इतिहास व्यक्तीशी जोडून ठेवत नाहीत. मराठी शोधांची फळे तेथे कधी तोकडी वाटतात, हेही सांगितले पाहिजे.

स्मार्टफोनवर ब्राउझरखेरीज अ‍ॅपचाही विचार करावा लागतो. प्रत्येक फोनला एक जाहिरात-ओळख क्रमांक असतो व तो सर्व अ‍ॅपना सामायिक असू शकतो. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपला हा क्रमांक वापरण्यापूर्वी विचारावे लागते. अँड्रॉइडवर तो सेटिंगमधून काढून टाकता येतो. समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमध्ये दुवा दाबला की पान पुष्कळदा त्याच अ‍ॅपच्या पोटात उघडते, म्हणजे वाचक त्या कंपनीच्या अंगणातच राहतो. तेथील मेनूतून पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडणे बरे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या दुव्यांना अनेकदा प्रश्नचिन्हानंतर अक्षरांचे लांबलचक शेपूट असते. त्यातील बराच भाग तो दुवा कोठून आला हे कळवण्यासाठी जोडलेला असतो. पुढे पाठवण्यापूर्वी प्रश्नचिन्हापासूनचा भाग खोडून पान उघडते का ते पाहावे. उघडले तर तेवढाच दुवा पाठवावा. काही पानांना मात्र तो भाग खरोखरच लागतो.

याहून अधिक गुप्ततेची गरज असणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ पत्रकार, छळाला तोंड देणाऱ्या व्यक्ती किंवा गैरव्यवहार उघड करणारे कर्मचारी यांच्यासाठी, टॉर ब्राउझर आहे. त्यात मागणी तीन स्वयंसेवी संगणकांमधून टप्प्याटप्प्याने जाते व कोणत्याही एका टप्प्याला आरंभ आणि अंत दोन्ही कळत नाहीत. ठशाच्या बाबतीत टॉरचे धोरण उलट्या दिशेचे आहे: सर्व वापरकर्ते शक्य तितके एकसारखे दिसावेत. म्हणून त्यात आपल्या आवडीची एक्स्टेन्शन बसवू नयेत. टॉर संथ असते, आणि पुष्कळ स्थळे त्याच्याकडे संशयाने पाहतात.

गैरसमज

खासगी खिडकीविषयीचा गैरसमज सर्वांत व्यापक आहे. इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट या नावाने मिळणारी ही खिडकी बंद केल्यावर तेवढ्या वेळचा इतिहास व कुकी त्या उपकरणावरून पुसल्या जातात. म्हणजे तोच संगणक वापरणाऱ्या पुढच्या माणसापासून ती रक्षण करते, आणि एकत्र कुटुंबात वा ग्रंथालयात हा उपयोग लहान नाही. परंतु संकेतस्थळ, कार्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून ती वाचकाला लपवत नाही. या मुद्द्यावरून अमेरिकेत इ.स. २०२० मध्ये गूगलवर खटला भरला गेला. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात दाखल झालेल्या तडजोडीनुसार गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले, आणि या खिडकीवरील सूचनेची भाषाही बदलावी लागली.

व्हीपीएनविषयीही असेच. व्हीपीएन आयपी पत्ता बदलते आणि इंटरनेट पुरवठादाराला वाचक कोणत्या स्थळावर गेला हे दिसू देत नाही. पण तीच माहिती आता व्हीपीएन कंपनीला दिसते. विश्वास एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, इतकेच. कुकी, ठसा व खात्यातील प्रवेश यांवर तिचा काहीही परिणाम होत नाही. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क आदी माहिती किमान पाच वर्षे जपून ठेवायची आहे. त्यानंतर अनेक विदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएनचा खर्च कोण करतो, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा अर्थही मर्यादित आहे. वाटेतील कोणी मजकूर वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. ज्या स्थळाकडे मजकूर जातो ते स्थळ काय करते याविषयी ते मौन बाळगते.

‘माझा मागोवा घेऊ नका’ ही ब्राउझरमधील सोय इ.स. २०११ पासून फायरफॉक्समध्ये होती व पुढे इतरांनीही आणली. ती निव्वळ विनंती होती. बहुतेक जाहिरात कंपन्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले, जानेवारी २०१९ मध्ये तिचे मानक तयार करणारा गट विसर्जित झाला आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने ती सफारीतून काढली. ही खूण पाठवणारे थोडे असल्याने तिचाच ठसा म्हणून उपयोग होण्याची भीती होती. तिच्या जागी आलेल्या ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या खुणेला कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कायद्याचे पाठबळ आहे. भारतात ते नाही.

कायदा आणि संमती

संकेतस्थळ उघडताच येणारी कुकींची सूचना ही युरोपीय कायद्यांची देणगी आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय महासंघाच्या माहिती संरक्षण नियमांनी संमतीची व्याख्या कडक केली. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. होकार एका टिचकीत आणि नकार अनेक पानांच्या आड ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला. सूचनेत नकाराचे बटण शोधून ते दाबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. जेथे कायदा पाळला जातो तेथे त्याने खरोखरच फरक पडतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निर्णय देऊन खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कायद्यात कुकीचा नावाने उल्लेख नाही. वैयक्तिक माहितीवर कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी संमती हवी, हा सर्वसाधारण नियम तेथेही लागू होतो. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक ठरते. बालकांचा मागोवा घेणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिराती करणे यांस मनाई आहे. नियमांनी काही अपवाद केले आहेत. शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कार्यासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी अशी नोंद ठेवता येते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या कायद्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. संमतीपूर्वीची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. मराठी या अनुसूचीत आहे. मराठी मजकुराच्या स्थळांवरही आज ही सूचना पुष्कळदा इंग्रजीतच आढळते, आणि न वाचता होकार देण्याचे ते एक मोठे कारण आहे. दिलेली संमती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे, आणि तिच्यावर आधारलेली माहिती पुसण्याची मागणी करता आली पाहिजे, असेही कायद्यात म्हटले आहे. दाद न मिळाल्यास प्रथम त्या कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे आणि त्यानंतर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते.